रक्तदानानंतर चक्कर आली, डिस्चार्ज कार्डावर ‘सीझर डिसऑर्डर’. मुलाच्या पायलटसाठीच्या क्लास वन मेडिकलचं आता काय?

शिलाईयुनिट_अशोकचौक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही सोलापूरचे. शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाई युनिट आहे, मी आणि मिस्टर मिळून चालवतो. मुलाने यंदा बारावी दिली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. त्याला पायलटच व्हायचंय. २०२३ मध्ये विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हापासून ‘आता आपल्याकडे विमान येणार’ हेच चाललं होतं, आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तसा जरा वेळ मिळाला की स्वारी होटगी रोडला, विमानतळाकडे. पुण्यात डीजीसीएच्या (दिल्लीतली विमान वाहतूक नियामक संस्था) यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची सुरुवातीची तपासणी झाली, त्यात तो तंदुरुस्त ठरला, फाइल नंबरही मिळाला. बारामतीला फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशी केली. तिथे एका सिनियर मुलाने चांगला सल्ला दिला, की आधी क्लास वन (व्यावसायिक पायलटला लागणारी पुढची, कडक तपासणी) करून घ्या, मग फी भरा. कर्जाचा आकडा मोठा आहे, म्हणून आम्हीही थांबलो.

मार्चमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. १४ एप्रिलला आमच्या भागात रक्तदान शिबिर होतं. मित्रांबरोबर गेला, आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं. सकाळपासून पोटात फक्त चहा. रक्त देऊन झाल्यावर बिस्किटं तिथेच ठेवून बाहेर आला आणि रसवंतीसमोर उन्हात उभा राहिला. एप्रिलमधलं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहेच. तो सांगतो की आधी कानात गुंई झालं, मग डोळ्यांपुढे अंधारी, पुढचं आठवत नाही. मित्र म्हणतात पांढराफटक पडला, डोळे उघडे पण वर गेलेले, हातपाय झटकले. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, “माझी गाडी कुठाय?” मी पोचले तेव्हा नीट बोलत होता. जीभ चावलेली नव्हती, कपडे ओले नव्हते.

मित्रांनी घाबरून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या ड्युटी डॉक्टरांनी मित्राला एकच विचारलं, “झटके आले का?” तो हो म्हणाला. केसपेपरवर हाताने लिहिलं, ‘जीटीसीएस?’, म्हणजे सर्वांगाला झटके देणारी मोठी फिट. पुढे प्रश्नचिन्ह होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, फोटोही आहे. रात्रभर सलाइन, मुलाला झोप नाही. दुसऱ्या दिवशी ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) काढला, त्यात तो अर्धवट झोपेतच होता. रिपोर्ट आला, टेम्पोरल भागात (कानाजवळच्या) शार्प वेव्ह्ज म्हणजे टोकदार लहरी, सीझर डिसऑर्डर (फिट्सचा आजार) सूचित, क्लिनिकल कोरिलेशन करावे, म्हणजे लक्षणांशी ताडून पाहावे. एमआरआय नॉर्मल. टाइप केलेल्या डिस्चार्ज कार्डावर ते प्रश्नचिन्ह नाही. सरळ ‘सीझर डिसऑर्डर’, आणि फिट्सची गोळी लेव्हेटिरॅसिटाम ५०० सकाळ-संध्याकाळ, तीन वर्षं. रक्तदानाचा कार्डावर कुठे उल्लेखच नाही!

दीर म्हणतात कार्ड फाडून टाका, फॉर्मवर काही लिहू नका. भाऊ म्हणतो पायलटचा नाद सोडा, इंजिनिअरिंगला घाला. मला खोटं लिहायचं नाही. पण जे झालेलंच नाही ते दुखणं पोराच्या गळ्यात बांधूनही घ्यायचं नाही. हे निदान चुकीचं असेल तर ते बदलून घेता येतं का? कुणाकडे जायचं? आणि बदलून मिळालं तरी डीजीसीए ते मानेल का?

बार्शीकर७७

ताई, एवढं मनावर घेऊ नका. खाजगी दवाखान्याचं कार्ड दिल्लीला कोण बघायला बसलंय? फॉर्मवर ‘नाही’ लिहा, गोळ्या बंद करा, मोकळे व्हा. पोराचं आयुष्य एका कागदापायी घालवायचं का?

ईईजी_रूम

बार्शीकर दादा, यातलं ‘गोळ्या बंद करा’ हे तर बिलकूल लिहू नका. फिट्सची गोळी अचानक तोडली आणि मूळ निदान बरोबर निघालं, तर पोरगं मोटारसायकलवर असताना पडेल. गोळी कमी करायची की बंद करायची, हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवेल.

ताई, मी सोलापुरातच ईईजी टेक्निशियन आहे, निम्मं आयुष्य त्या खोलीत गेलं. मी डॉक्टर नाही, निदान सांगणार नाही. पण असे कागद रोज हातातून जातात, आणि तुमची हकिगत वाचून मला गप्प बसवेना.

सगळ्यात आधी, म्हणजे आजच, त्या रसवंतीवर जा. आजूबाजूला कुठल्या दुकानाचा सीसीटीव्ही आहे का बघा. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं पुसून नवं चढत असतं, थोड्या दिवसांत ते चित्रण जाईल. बाकी सगळ्या तपासण्या पुन्हा करता येतात, तो प्रसंग पुन्हा मिळत नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या टेबलावर एमआरआयपेक्षा त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला जास्त किंमत आहे.

ज्या मित्राने त्याला पडताना पाहिलं, त्याच्याकडून सगळं लिहून घ्या. ‘झटके आले का’ एवढंच नको. आधी काय झालं? चेहरा पांढरा होता की निळसर? आधी कोसळला आणि मग झटके आले, की अंग ताठ होऊन पडला? किती वेळ? शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखायला किती वेळ लागला? फिट येऊन गेलेला माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, घरच्यांनाही ओळखत नाही, अंग दुखतं, जीभ कडेला चावलेली असते. तुमच्या मुलाने डोळे उघडले आणि गाडी विचारली.

आता झटक्यांचं. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं तरी हातपाय झटकतात, ही फिट नव्हे. १९९४ मध्ये जर्मनीतल्या न्यूरॉलॉजिस्टांनी निरोगी माणसांना मुद्दाम चक्कर आणून व्हिडिओ काढले होते. जोरजोरात श्वास घ्यायला लावायचे, झटकन उभं करायचे, श्वास कोंडून जोर करायला सांगायचे. ४२ जण पूर्ण बेशुद्ध झाले आणि त्यांतल्या ९० टक्क्यांच्या अंगाला झटके आले. बेशुद्धी सरासरी बारा सेकंदांची. बहुतेकांचे डोळे उघडेच होते. हे वाचल्यापासून कुणी नुसतं ‘झटके आले’ म्हणालं की मी पुढचं सगळं विचारते.

आणि ईईजी. यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण हा माझा रोजचा विषय आहे. डोक्यावर पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवले की वीस-तीस मिनिटं लहरींची नोंद होते. त्यात मध्येच जोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिवा चमकवतात. ही नोंद चालू असताना टेक्निशियनने दर वेळी टीप टाकायची असते: डोळे मिटले, खोकला आला, पेंगायला लागला, दात आवळले. ही टीप नसेल तर वाचणाऱ्याला समोरचं पोरगं जागं आहे की झोपतंय हे कसं कळणार? आणि तरुण मुलं पेंगायला लागली की टेम्पोरल भागात टोकदार दिसणाऱ्या थीटा (संथ) लहरींची एक ओळ उठते. ती अगदी नॉर्मल असते. जोरात श्वास घेतल्यावर लहरी मोठ्या आणि संथ होतात, त्याही अठरा वर्षांच्या मुलात नॉर्मल. ज्याला यांची सवय नाही तो ‘शार्प वेव्ह्ज’ लिहून मोकळा होतो. रात्रभर जागलेला मुलगा, दुसऱ्या दिवशी काढलेला ईईजी, त्यात झोप. ताई, माझ्या मनात पहिली शंका हीच आली.

खरोखरच एपिलेप्टिफॉर्म, म्हणजे फिट्सकडे बोट दाखवणारी लहर असली, तरी नुसत्या कागदावरून एपिलेप्सी (वारंवार फिट येण्याचा आजार, अपस्मार) ठरत नाही. ब्रिटिश हवाई दलात भरतीला आलेल्या १७ ते २५ वयाच्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी काढले होते, १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अर्धा टक्का मुलांत अशा लहरी निघाल्या, म्हणजे साधारण दोनशेत एक. म्हणूनच रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहितात. ते कुणी करायचं राहून गेलं की मग असं कार्ड तयार होतं.

तर दवाखान्यातून नुसता रिपोर्ट नको, ईईजीची मूळ डिजिटल नोंद मागा, पेन ड्राइव्हवर देतात. सोबत हाताने लिहिलेल्या केसपेपरची प्रत, नर्सिंग नोट्स, नाडी आणि बीपीच्या नोंदी. आपल्या कागदांची प्रत मागणं हा पेशंटचा हक्कच आहे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिबिराच्या रक्तपेढीकडून त्या दिवशी रक्त दिल्याचं कार्ड मिळालं असेल, तेही जपा. मग ही सगळी फाइल एपिलेप्सीतच काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. पुणे-मुंबईत आहेत, बेंगळुरूला निम्हान्स हे मेंदूविकारांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. ईईजी पुन्हा होईल, बहुधा आदल्या रात्री जागवून, म्हणजे जागेपण आणि झोप दोन्ही नीट टिपा टाकून नोंदवता येतं. हृदयाच्या डॉक्टरांकडे ईसीजी, टूडी इको, होल्टर (दिवसभराचा ईसीजी), जमल्यास टिल्ट टेबल (टेबल उभं करून चक्कर येते का ही चाचणी). हृदयाचं टाळू नका. तरुण मुलगा उभ्या उभ्या पडला तर तिथलं कारण नाही ना, हे पाहायलाच हवं. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

एटीआर_विजापूररोड

काकू, मी विजापूर रोडचा. सध्या एटीआर विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. ईईजीवाल्या ताईंनी वैद्यकीय बाजू चोख सांगितली, मी कागदाची बाजू सांगतो.

लपवू नका. क्लास वनच्या फॉर्मवर शुद्ध हरपणे, फिट्स, चालू औषधं, दवाखान्यात दाखल होणं हे सगळं विचारतात आणि खाली तुमच्या मुलाची सही असते. पुढे कधी विमा, कधी दुसरा दवाखाना, कधी एखादा नातेवाईकच, यातून ते बाहेर आलं तर प्रश्न चक्करचा राहत नाही, खोट्या सहीचा होतो. तेव्हा मुलगा तिशीत असेल, डोक्यावर कर्ज असेल आणि हातात नोकरी असेल. २०१५ मध्ये जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या को-पायलटने आजार कंपनीपासून लपवला होता, त्याने विमान मुद्दाम पाडलं, १५० जण गेले. तेव्हापासून जगभर ‘लपवलं’ या गोष्टीकडे फार कडक नजरेने बघतात.

आता नियम काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. वैद्यकीय मापदंडांचा पाया आयसीएओ या जागतिक विमान वाहतूक संघटनेचं अॅनेक्स १ आहे. त्यात मज्जासंस्थेच्या कलमात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, एपिलेप्सीचं निदान नको. दुसरी, शुद्ध हरपण्याचा असा प्रसंग नको, ज्याचं समाधानकारक वैद्यकीय कारण सापडलेलं नाही. म्हणजे ‘ही एपिलेप्सी नाही’ एवढंच पत्र आणलंत तर मुलगा पहिल्या ओळीतून सुटतो आणि दुसरीत अडकतो. डीजीसीएचं मेडिकल बोर्ड विचारणार, मग पडला कशाने? तुम्हाला हवं ते पत्र असं: उपाशीपोटी रक्त दिलं, लगेच उन्हात उभा राहिला, त्यातून रिफ्लेक्स सिंकोप (साधी चक्कर येऊन क्षणभर शुद्ध जाणं) झाला, या या कारणांनी तो फिट नव्हता, हृदय आणि मेंदूच्या या तपासण्या नॉर्मल, औषधाची गरज नव्हती म्हणून अमुक तारखेला बंद केलं, त्यानंतर इतके महिने काही त्रास नाही. खाली तज्ज्ञाची सही, रजिस्ट्रेशन नंबर. सोबत मूळ ईईजी, व्हिडिओ, रक्तपेढीचं कार्ड. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांचं ‘उडण्यास योग्य’ असं सर्टिफिकेट तिथे उपयोगाचं नाही.

जुनं कार्डही फाइलमध्ये तसंच राहू द्या. दवाखान्याने दुरुस्तीचं पत्र दिलं तर उत्तम, त्यासाठी केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह आणि टाइप केलेलं कार्ड शेजारी शेजारी ठेवून शांतपणे अर्ज करा. नाही दिलं तरी अडून बसू नका. बोर्ड दोन्ही वाचतं आणि कारणासहित लिहिलेल्या मताला वजन देतं.

अनुभवावर सांगतो. माझ्या पहिल्या क्लास वनला ईसीजीत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड असल्यासारखं दिसलं. सडपातळ तरुण पोरांच्या ईसीजीत लहरी उंच येतात, त्यातून असं वाटू शकतं. टेम्पररी अनफिट. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, भिंत नॉर्मल निघाली, रिव्ह्यूमध्ये फिट. त्यांनी शंका घेतली ते योग्यच होतं, आणि शंका दूर करायची रीतही ठरलेली होती. टेम्पररी अनफिट म्हणजे दार बंद नव्हे. परमनंट अनफिट आलं तरी नवे पुरावे घेऊन अपील करता येतं.

डॉक्टरांच्या मतभेदात पायलट कसा भरडला जातो, याचं आमच्या लाइनीत सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण बॉब हूवरचं. दुसऱ्या महायुद्धातला वैमानिक, नंतर जगातला नावाजलेला एअर शो पायलट. १९९२ मध्ये सत्तरीत असताना एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या दोन इन्स्पेक्टरांनी त्याच्या उडण्यावर शंका घेतली, आणि बुद्धीच्या चाचण्यांवरून त्याचं मेडिकल काढून घेतलं. त्याच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणाले, माणूस ठीक आहे. ऑस्ट्रेलियाने त्याला मेडिकल दिलं, तो तिकडे उडला, आणि घरच्या देशात १९९५ पर्यंत जमिनीवर बसून होता. शेवटी मेडिकल परत मिळालं. एवढ्या मोठ्या माणसालाही नुसत्या नावावर काही मिळालं नाही, पुन्हा तपासण्या आणि पुन्हा मतं, याच वाटेने जावं लागलं.

एपिलेप्सीचा शिक्का राहू दिला तर काय होतं, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकेत एपिलेप्सी असेल तर विचार व्हायलाच दहा वर्षं फिटविना जावी लागतात, त्यातली शेवटची तीन औषधाविना. एकदाच आलेल्या फिटला चार वर्षं, त्यातली दोन औषधाविना. आपलं मूल्यमापन डीजीसीए स्वतंत्रपणे करतं, पण गांभीर्य तेच. म्हणून साध्या चक्करला चक्कर म्हणवून घेण्यासाठी आत्ता खर्च केलेले पैसे आणि महिने वाया जाणार नाहीत.

अजून एक. क्लास टू ‘फिट’ असलं तरी मधल्या काळात तब्येतीत फरक पडला की ते मेडिकल वापरायचं नसतं. त्याला सध्या कुठल्याही विमानात कंट्रोल हातात घेऊ देऊ नका, हौसेची जॉय राइडसुद्धा नको.

शिलाईयुनिट_अशोकचौक

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचलं तशी मशीन बंद करून गेले. रसवंतीवाल्याकडे कॅमेरा नाही, पण समोरच्या मोबाइल दुकानाच्या कॅमेऱ्यात अर्धी रसवंती येते आणि त्या दिवसाचं अजून शिल्लक होतं. पोरगा दुकानदार भला निघाला, स्वतः शोधून दिलं.

बघताना हात थरथरत होते. मुलगा आधी एका बाजूला झुकतो, गुडघ्यातून मऊ होऊन खाली बसतो. तेव्हा एकही झटका नाही. मग दोघं मित्र त्याला बगलेत धरून उचलतात, खुर्चीवर बसवतात, मान धरून ठेवतात, आणि तेव्हा हात झटकायला लागतात. मग खुर्ची सरकते, तो खाली आडवा होतो आणि लगेच डोके हलवून उठायला बघतो. मी जेवढं समजले ते असं. याला काही अर्थ आहे का?

फाइल गोळा करतेय. केसपेपरसाठी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली आहे, गोळ्या तोवर चालू. मुलगा म्हणतोय क्लास वनची तारीख घेऊन टाकू, बेंगळुरूला उद्यान एक्सप्रेसने रात्रीत जाता येईल. घ्यावी का?

एटीआर_विजापूररोड

काकू, आत्ता तारीख घेऊ नका. गोळ्या चालू असताना गेलात तर अनफिट ठरलेलंच आहे, आणि ती नोंद त्याच्या फाइल नंबरवर कायम राहील. आधी न्यूरॉलॉजिस्टचं मत, औषधाचा निर्णय, औषध बंद झाल्यावर ते सांगतील तेवढा काळ निरीक्षण, मग पत्र, मग तारीख. तोवर पोराला बसवून ठेवू नका. एअर रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, हे थिअरीचे पेपर अभ्यासाला घेऊ दे, मेडिकल हातात येईपर्यंत अभ्यास पुढे गेलेला असेल.

ईईजी_रूम

ताई, अर्थ आहे, आणि मोठा आहे. चक्कर येऊन पडलेला माणूस आडवा झाला की रक्त डोक्याकडे येतं आणि तो सावरतो. त्याला उभं किंवा बसतं धरून ठेवलं की मेंदूला रक्त कमीच पडत राहतं, बेशुद्धी लांबते आणि झटके येऊ शकतात. मित्रांनी काळजीपोटीच धरलं, त्यांना काही बोलू नका. पण ‘बसवल्यावर झटके, आडवा झाल्यावर शुद्ध’ हा क्रम न्यूरॉलॉजिस्टना तोंडी सांगून सोडू नका, कागदावर सेकंदांसकट लिहून न्या आणि त्यांच्या पत्रात यायला हवा असं विनवा.

व्हिडिओ मोबाइलने स्क्रीनवरून शूट केलेला असेल तर पुन्हा जा आणि डीव्हीआरमधून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा मागेपुढे असतं, म्हणून त्याच वेळी त्याची स्क्रीन आणि तुमच्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. दुकानदाराकडून दोन ओळी लिहून सही घ्या, की ही फाइल त्याच्या कॅमेऱ्यातली आहे आणि तारीख १४ एप्रिलची.